मोर्चानंतरचं काम

मृणाल गोरे यांचं नाव निघालं की दोन वस्तू डोळ्यांपुढे येतात. एक हंडा, दुसरं लाटणं. त्यांच्यावर लिहिणारे बहुतेकजण याच दोन वस्तूंपासून सुरुवात करतात आणि पुष्कळदा तिथेच थांबतात. त्यात चूक काही नाही. रिकामे हंडे डोक्यावर घेऊन निघालेल्या बायका हे दृश्य मुंबईने त्याआधी फारसं पाहिलेलं नव्हतं, आणि थाळी बडवणाऱ्या हजारो हातांचा आवाज ज्यांनी ऐकला त्यांच्या कानांतून तो गेला नाही. पण मोर्चा दोन तासांत संपतो. बायका घरी जाऊन पोळ्या लाटायला घेतात. मंत्री निवेदन स्वीकारून आत जातात. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो येतो आणि तिसऱ्या दिवशी तोच पेपर डब्याखाली अंथरला जातो. मृणालताईंचं काम समजून घ्यायचं तर त्या तिसऱ्या दिवसापासून पाहायला हवं. या प्रस्तावनेत मला मुख्यतः तेवढंच सांगायचं आहे. बाकीचं ज्यांनी त्यांच्याबरोबर काम केलं त्यांनी सांगावं.

जन्म २४ जून १९२८चा, माहेरचं आडनाव मोहिले. शिक्षणात हुशार, डॉक्टर व्हायचं म्हणून वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश घेतलेला. त्या काळात मध्यमवर्गीय मराठी घरातली मुलगी एवढं गाठते म्हणजे घरादाराला अभिमान वाटावा अशी गोष्ट. पण १९४१मध्ये सुरू झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखांनी आणि साने गुरुजींच्या शब्दांनी त्या पिढीतल्या अनेकांचं जे केलं, तेच त्यांचं केलं. शिक्षण अर्ध्यावर सोडून त्या पूर्णवेळ कामात उतरल्या. १९४८मध्ये केशव गोरे यांच्याशी लग्न झालं. मित्रमंडळी केशव गोरेंना बंडू म्हणत. दोघंही समाजवादी, दोघंही सेवा दलाचे, आणि लग्न आंतरजातीय. संसार थाटला तो गोरेगावात.

हे गोरेगाव म्हणजे आजचं गोरेगाव नव्हे, हे तरुण वाचकाला मुद्दाम सांगायला हवं. १९५०मध्ये मुंबईची हद्द उत्तरेला जोगेश्वरीपर्यंत वाढली आणि तिथेच थांबली. गोरेगाव त्या रेषेच्या पलीकडे राहिलं. तिथे ग्रामपंचायत होती. लोकल गाडी होती, नोकरीसाठी रोज शहरात जाणारे चाकरमानी होते, भाड्याच्या खोल्या होत्या, गिरण्या-कारखान्यांच्या आशेने आलेली माणसं होती. पण गटारं, संडास, दिवे आणि नळ ज्यांनी द्यायचे ती महापालिका नव्हती. पूर्वेला आरेची दूध वसाहत नव्याने उभी राहत होती. त्याच बाजूला विहार तलाव, १८६०पासून मुंबईला पाणी पुरवणारा. म्हणजे तलाव उशाशी, आणि त्याचं पाणी मैलोन्‌मैल दक्षिणेकडे वाहून जाणार. गोरेगावच्या बाईने मात्र विहिरीवर रांग लावायची.

अशा गावात गोरे दांपत्याने कामाला सुरुवात केली. महिला मंडळ काढलं, कुटुंबनियोजनाचा प्रचार केला. पन्नाशीच्या दशकाच्या आरंभी एका तरुण बाईने दारोदार जाऊन हा विषय बोलायचा म्हणजे काय, याची कल्पना आज करता येणार नाही. अर्धवट राहिलेलं वैद्यकीय शिक्षण तिथे उपयोगी पडलं असणार. ग्रामपंचायतीवर त्या निवडून आल्या. विधानसभा आणि लोकसभा गाजवणाऱ्या या बाईची खरी शाळा ती पंचायत. रस्त्यावर दिवा लावायचा तर पैसा कोणत्या खात्यातून येतो, ठराव कुणी मांडायचा, मांडलेला ठराव कुठे अडकतो, हे त्या तिथे शिकल्या. १९५७मध्ये हद्द दहिसरपर्यंत सरकली, ग्रामपंचायत संपली आणि गोरेगाव मुंबई झालं. नळ मात्र हद्दीबरोबर आले नाहीत.

पुढच्याच वर्षी, १९५८मध्ये, केशव गोरे गेले. मृणालताई तिशीच्या आणि पदरात पाच वर्षांची मुलगी.

इथे लेखकांची लेखणी ओलावते. मृणालताईंच्या मृत्यूनंतरच्या लेखांमधून, भाषणांमधून, गौरवांकांमधून या प्रसंगाचं एक ठरीव चित्र तयार झालं आहे: पती गेला, तिने डोळे पुसले आणि गोरेगावच्या सगळ्या लेकरांची आई झाली. मला या चित्राचा मनापासून कंटाळा आहे. सार्वजनिक काम करणाऱ्या बाईला आपण आईपणाची शाल पांघरली की तिच्या अकलेबद्दल, अभ्यासाबद्दल, राजकारणाबद्दल बोलायची जबाबदारी टळते. पुरुष पुढाऱ्याच्या मृत्युलेखात तो बाप म्हणून कसा होता हे शेवटच्या परिच्छेदात येतं, आलं तर. आणि तिशीतल्या विधवेपुढे त्या क्षणी जे प्रश्न असतात ते फार साधे असतात. पैसे कुठून येणार, मुलीला शाळेतून कोण आणणार, सभा रात्री दहाला संपली तर तिला जेवायला कोण वाढणार. मृणालताईंना हे प्रश्न सुटले नसते तर पुढचं काहीच झालं नसतं. ते सुटले ते नातेवाइकांमुळे, सहकाऱ्यांच्या घरांमुळे, समाजवादी मंडळींच्या त्या विलक्षण गोतावळ्यामुळे, जिथे एकाचं मूल दुसऱ्याच्या घरी जेवून झोपणं ही नित्याची गोष्ट होती. त्या घरांतल्या बायकांची नावं कुठल्याही गौरवांकात नाहीत. सार्वजनिक काम करणाऱ्या आईच्या मागे नेहमी अशा दोन-चार आया असतात.

एवढं मात्र खरं की त्या परत फिरल्या नाहीत. डॉक्टरकी पुरी करण्याचा मार्ग होता, नोकरीचा होता. दोन्ही मार्ग कुणी नावं ठेवावीत असे नव्हते. त्यांनी पतीच्या नावाने उभ्या राहिलेल्या केशव गोरे स्मारक ट्रस्टचं काम हाती घेतलं आणि गोरेगाव पश्चिमेला, आरे रस्त्यावर, सभागृह, वाचन, नाटक, वैद्यकीय मदत, बायकांचे उपक्रम असं सगळं एका छपराखाली आणलं. १९६१मध्ये त्या महापालिकेवर निवडून आल्या.

आता पाण्याबद्दल जरा सविस्तर, कारण ‘पाणीवाली बाई’ हे बिरुद आपण इतक्या सहज उच्चारतो की त्यामागचा कारभार दिसेनासा होतो. उपनगरात पाणी नव्हतं याचं कारण मुंबईकडे पाणी नव्हतं एवढंच नाही. विहार, तुळशी, तानसा होतेच. १९५७च्या सुमाराला वैतरणेवरचं मोठं धरणही पुरं झालं होतं, जे पुढे मोडक सागर म्हणून ओळखलं जाऊ लागलं. प्रश्न वाटपाचा होता. मुख्य जलवाहिन्या शहरासाठी टाकलेल्या. उपनगराला त्यातून फाटा द्यायचा तर किती इंची नळ, कुठे झडप, किती वेळ उघडी, हे अभियंते ठरवणार. त्याचं अंदाजपत्रक व्हायचं, ते समितीपुढे जायचं, तिथून सभागृहात. शिवाय नियम असा की ज्याची जागा अधिकृत त्यालाच नळ. झोपडी अनधिकृत, म्हणून झोपडीतली तहानही अनधिकृत. चाळीत नळ आहे पण पाणी रात्री तीनला येतं, झोपडीत नळच नाही, आणि दोन्हीकडच्या बायका शेवटी एकाच सार्वजनिक नळावर एकमेकींच्या झिंज्या उपटतात, असा तो काळ.

मृणालताईंनी या बायकांना भांडणातून बाजूला काढून महापालिकेच्या दारात नेलं, हे सर्वांना दिसलं. सहसा दिसलं नाही ते असं की मोर्चाला जाण्याआधी त्यांना नळाची इंचं पाठ असत. कुठल्या वस्तीला कुठल्या वाहिनीवरून पाणी देता येईल, अडचण दाबाची आहे की इच्छेची, मागच्या सभेत अधिकाऱ्याने काय कबूल केलं होतं, हे सगळं त्यांच्याकडे तयार असे. अधिकाऱ्याला घोषणेची भीती वाटत नाही, त्याला रोज ऐकायची सवय असते. भीती वाटते ती ज्याने त्याचीच फाईल वाचली आहे त्याची. पाण्याच्या मागणीत त्यांनी अधिकृत-अनधिकृत हा भेद मानला नाही, हेही लक्षात ठेवण्याजोगं. मतदार म्हणून चाळीतला मराठी कारकून अधिक भरवशाचा, झोपडीतल्याचं यादीत नाव असेलच असं नाही. तरी त्यांनी दोघांसाठी एकच भाषा वापरली.

१९७२ साली त्या मालाडमधून विधानसभेत गेल्या. काँग्रेसची ती लाट होती, २७० पैकी २२२ जागा एकट्या काँग्रेसच्या. विरोधी बाकांवर मूठभर माणसं. राज्यात दुष्काळ, आणि मुंबईत रॉकेल, साखर, तेल, रवा यांच्यासाठी रांगा. त्या वर्षी महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. या समितीतलं ‘संयुक्त’ प्रत्यक्षात उतरवणं फार अवघड होतं. मार्क्सवादी पक्षाच्या अहिल्या रांगणेकर, कम्युनिस्ट पक्षाच्या तारा रेड्डी, समाजवादी प्रमिला दंडवते आणि मृणाल गोरे. या पक्षांच्या पुरुषांनी एकमेकांवर इतकी वर्षं इतक्या पुस्तिका लिहिल्या होत्या की एका व्यासपीठावर बसायला त्यांना आधी चीन, हंगेरी आणि चाळीसचं दशक निकालात काढावं लागलं असतं. बायकांनी रॉकेलपासून सुरुवात केली. रॉकेल कुणाच्याच घरात नव्हतं.

लाटणं हातात घेण्याची कल्पना हुशारीची होती. पोलिसाला ते हत्यार म्हणून जप्त करता येईना आणि हत्यार नाही असंही म्हणता येईना. गृहिणी म्हणून आजवर जिला राजकारणाबाहेर ठेवलं होतं ती त्याच ओळखीच्या जोरावर रस्त्यावर आली. पुढे स्त्रीमुक्तीच्या चळवळीतल्या तरुण मुलींनी यावर टीका केली, की लाटणं हातात घेऊन तुम्ही बाईला पुन्हा स्वयंपाकघराशीच बांधलंत. टीकेत तथ्य आहे. पण त्या मोर्चात आलेली गिरणगावातली किंवा गोरेगावातली बाई नवऱ्याला न विचारता पहिल्यांदा घराबाहेर पडली होती, आणि ती पडली ती रॉकेलसाठी. तिला दुसऱ्या कुठल्या शब्दाने बोलावलं असतं तर ती आली असती का, याचा विचार करणंही टीकाकारांचं काम होतं. शिवाय याही वेळी मोर्चानंतरचं काम होतंच: रेशनच्या दुकानांवर लक्ष ठेवणं, कोटा किती आला आणि किती वाटला याचा हिशेब मागणं, साठेबाजाच्या गोदामापर्यंत जाणं.

आणीबाणीबद्दल थोडक्यात. जून १९७५नंतर त्या भूमिगत झाल्या, मग पकडल्या गेल्या आणि तुरुंगात राहिल्या. सतरा वर्षांपूर्वी बाप गमावलेल्या मुलीची आई आता गजाआड होती. १९७७च्या निवडणुकीत त्या उत्तर मुंबईतून लोकसभेवर गेल्या. अहिल्याताईही त्याच वेळी मध्य उत्तर मुंबईतून निवडून आल्या, आणि इंदिरा गांधी रायबरेलीत हरल्या. तेव्हा मुंबईत घोषणा झाली: ‘पानीवाली बाई दिल्ली में, दिल्लीवाली बाई पानी में.’ घोषणा हिंदीत, आणि ती मराठी बाईसाठी. उपनगरं तोवर किती बदलली होती याचा याहून चांगला पुरावा मला सापडलेला नाही. त्यांच्या जनता पक्षाचं पुढे जे झालं ते सर्वश्रुत आहे. दिल्लीचा काळ त्यांच्या आयुष्यातला मला सर्वांत कमी महत्त्वाचा वाटतो. आठवड्याला तक्रार घेऊन दार ठोठावणारी बाई तिथे नव्हती.

१९८५मध्ये त्या पुन्हा विधानसभेत आल्या आणि त्यांच्या हातून जे काम झालं, त्याला मी पाण्याच्याही वर ठेवीन. गर्भजलपरीक्षा तोवर मुंबईतल्या दवाखान्यांत उघडपणे चालू झाली होती. गर्भातला दोष शोधण्यासाठीची ही चाचणी मुलगी शोधण्यासाठी वापरली जात होती. चाचणीचे काहीशे रुपये आज खर्च करा, पुढचा हुंडा वाचेल, अशा हिशेबाच्या जाहिराती लोकलच्या डब्यांतून लागत. मुंबईतल्या काही डॉक्टर, शास्त्रज्ञ आणि स्त्री कार्यकर्त्यांनी १९८६च्या आसपास एकत्र येऊन याविरुद्ध मंच काढला. त्यांच्याकडे आकडे होते, युक्तिवाद होते; सभागृहात जागा नव्हती. ती मृणालताईंनी दिली. त्यांनी अशासकीय विधेयक मांडलं. अशी विधेयकं मंजूर होत नाहीत हे प्रत्येक आमदाराला ठाऊक असतं. ती मांडायची असतात सरकारला उत्तर द्यायला लावण्यासाठी. सरकारला उत्तर द्यावं लागलं. शेवटी १९८८मध्ये सरकारनेच कायदा आणला. देशातला अशा प्रकारचा तो पहिला, आणि १९९४च्या केंद्रीय कायद्याची वाट त्याने मोकळी केली.

तो कायदा सदोष होता. खासगी केंद्रांना नोंदणी करून चाचणी करण्याची मुभा राहिली. चाचणी करून घेणाऱ्या बाईलाही त्याने शिक्षेच्या कक्षेत ओढलं, यावर स्त्री संघटनांनी कडाडून आक्षेप घेतला. शेजारच्या राज्यात जाणाऱ्याला अडवण्याचा मार्ग नव्हता. तोवर सोनोग्राफी आली आणि गर्भजलाची गरजच उरली नाही. महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे १९९१ साली ९४६ मुली होत्या. २००१ साली ९१३, आणि २०११ साली ८९४. कायदा अपुरा पडला हे मृणालताई गेल्या त्याच्या आदल्याच वर्षी जनगणनेने सांगितलं. एका मुलीच्या आईने मुलींसाठी कायदा आणला, असं वाक्य लिहायचा मोह इथे कुणालाही होईल. मी तो टाळतो, कारण त्यांनी विधेयक मांडलं ते अभ्यासाच्या जोरावर, आणि त्याचं श्रेय गर्भाशयाला देऊन चालणार नाही.

घरांचा प्रश्नही त्यांनी असाच कागदावरून पकडला. १९७६च्या नागरी कमाल जमीनधारणा कायद्याने मुंबईत मोकळ्या जमिनीवर ५०० चौरस मीटरची मर्यादा घातली. वरची जमीन सरकारने घ्यायची आणि तिच्यावर सामान्यांची घरं व्हायची, असा उद्देश. प्रत्यक्षात सूट देण्याचं कलम मूळ कायद्यापेक्षा जास्त राबवलं गेलं. जमीन मालकांकडेच राहिली आणि उपनगरात इमारती उठत गेल्या. मृणालताई, बाबूराव सामंत, प. बा. सामंत या मंडळींनी नागरी निवारा परिषद उभी करून सरकारला त्याच्याच कायद्याची आठवण करून दिली. सभासद नोंदवले, त्यांच्याकडून थोडे थोडे पैसे जमा केले, मंत्रालयात खेटे घातले, कोर्टात गेले. वर्षानुवर्षं. अखेर दिंडोशीला जमीन मिळाली आणि सहा हजारांहून अधिक घरं उभी राहिली, कुणा बिल्डरला मधे न घालता. मुंबईच्या जमिनीच्या इतिहासात हे जवळजवळ अशक्य कोटीतलं. तरीही त्यावर हंडा मोर्चाच्या दशांशानेही लिहिलं गेलेलं नाही. सभासद यादी आणि प्रतिज्ञापत्रं यांचा फोटो चांगला येत नाही, हे कारण असावं. तो कायदा महाराष्ट्राने २००७मध्ये गुंडाळला. म्हणजे तशी दुसरी वसाहत आता त्या वाटेने होणे नाही.

संकटातल्या बायकांसाठी १९८३मध्ये सुरू केलेलं ‘स्वाधार’ आणि नव्वदीच्या दशकात एन्रॉन कंपनीच्या वीज प्रकल्पाविरुद्ध गुहागरच्या लोकांबरोबर उभं राहणं, ही दोन्ही कामं स्वतंत्र प्रकरणांची आहेत. सत्तरीला टेकलेल्या बाईने कोकणात जाऊन अटक करून घ्यावी, याचं त्यांच्या गोतावळ्यात कुणाला नवल वाटलं नसेल.

अपयशाबद्दलही बोललं पाहिजे. समाजवादी पक्ष फुटत राहिला, जुळत राहिला, पुन्हा फुटला, आणि मृणालताई प्रत्येक वेळी त्यातल्या कुठल्या ना कुठल्या तुकड्याबरोबर होत्या. १९६६मध्ये शिवसेना आली आणि ज्या मराठी निम्नमध्यमवर्गाला त्यांनी पाणी मिळवून दिलं होतं, त्याच्या घरातली पोरं शाखेत जाऊ लागली. सेनेच्या शाखेनेही नळाची आणि गटाराचीच कामं हाती घेतली. वस्तीत बसून लोकांची कामं करण्याची पद्धत तीच, आशय मात्र वेगळा. समाजवाद्यांना याचं उत्तर सापडलं नाही. लोक मृणालताईंना मत देत, त्यांच्या पक्षाला देत होते का, याबद्दल मला शंका आहे. एका माणसाच्या सचोटीवर उभं राहिलेलं राजकारण त्या माणसाबरोबर थकतं. त्यांच्यानंतर उपनगरातल्या नळाची इंचं पाठ असलेला विरोधी पक्षनेता कुणी दाखवावा.

हयातीत त्यांना मान पुष्कळ मिळाला. नंतर गोरेगावच्या एका उड्डाणपुलाला त्यांचं नावही मिळालं. शेवटचे दिवस वसईत गेले, आणि चौऱ्यांशीव्या वर्षी तिथेच त्या गेल्या. आता त्यांच्याबरोबर काम केलेल्या बायका ऐंशी-नव्वदीत आहेत आणि त्यांतल्या पुष्कळजणी गेल्या. आठवणी सांगताना त्या हंडा आणि लाटण्यावर येतात, कारण आजवर प्रत्येकाने त्यांना तेवढंच विचारलं. त्यांना दुसरे प्रश्न विचारायला हवेत. निवेदन कोण लिहायचं? बैठकीचं इतिवृत्त कुठल्या वहीत असे? मोर्चाच्या दिवशी मुलं कुणाकडे ठेवलीत? पालिकेचं उत्तर आलं तेव्हा ते कुणी वाचून दाखवलं? गोरेगाव, मालाड, दिंडोशीच्या घरांत माळ्यावरच्या ट्रंकांमध्ये अशा वह्या, पावत्या, सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं, रेशनच्या कोट्याचे पेन्सिलीने मांडलेले हिशेब अजून असतील. इमारती पुनर्विकासाला निघाल्या आहेत, सामान आवरणं चालू आहे. ट्रंक रद्दीवाल्याला देण्याआधी एकदा उघडून पाहावी आणि आतले कागद एखाद्या ग्रंथालयाकडे किंवा अभ्यासकाकडे पोचवावेत, एवढी विनंती करून मी बाजूला होतो.